अजून एक घेऊ, सेफ्टीसाठी

६ जानेवारी

प्रिय मावशी,

फोन का उचलत नाहीस? रिंग वाजते, वाजते आणि गप्प होते. मग तुझा मेसेज येतो, "पत्र टाक." अगं, पत्र कोण टाकतं आता? पोस्टाची पेटी शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला, आणि सापडली तिच्यात कुणीतरी केळ्याची सालं टाकलेली. पण तुझ्यापुढे कधी कुणाचं चाललंय?

तर बातमी ऐक. मला सिनेमा मिळाला! जाहिरात नाही, सिरियलचे भाग नाहीत, अख्खा सिनेमा. विषय आहे सन्मानानं मरण्याचा हक्क. एक निवृत्त मुख्याध्यापिका. बरा न होणारा आजार. ती कोर्टात जाऊन म्हणते, मला यंत्रांवर जगवू नका. मी रडत रडत लिहिलंय गं. निर्मात्यांना वाचून दाखवलं तर तेही रडले. त्यांचा धंदा बाथरूमच्या नळांचा आहे, पण माणूस फार हळवा.

मुख्याध्यापिका तू. दुसरं कुणी नाहीच. पडद्यावर तुझ्याइतकं कोण मेलंय? बरीच वर्षं तू काम घेतलेलं नाहीस, तेव्हा प्रेक्षकांना धक्काच बसेल. शेवटाकडे कोर्टात तुझं तीन पानांचं भाषण आहे, फक्त तुझ्या आवाजासाठी लिहिलेलं. तू खालून एक हाक मारलीस की आम्ही मुलं गच्चीवरून धडपडत जेवायला यायचो, तो आवाज मला थिएटरात ऐकायचाय.

स्क्रिप्ट सोबत आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी,
ढब्बू


१३ जानेवारी

ढब्बू,

तुझं अक्षर बघून आधी वाटलं, डॉक्टरांनी नवीन औषध लिहून दिलंय.

माझ्याइतकं पडद्यावर कुणी मेलं नाही हे मात्र खरं. मी टीबीनं मेले, कॅन्सरनं मेले, मुलावर झाडलेल्या गोळीच्या आडवी येऊन मेले. एकदा तर नुसती बातमी ऐकून मेले. इंटरव्हलच्या आत बाईला संपवायचं असलं की लोक आधी माझ्याकडे यायचे. एक हीरो होता, माझ्या अंगावर पडून रडायला लागला की थांबायचंच नाव घ्यायचा नाही. मी श्वास धरून जांभळी पडलेली, त्याच्या डोळ्यांतलं ग्लिसरीन माझ्या कानात चाललेलं, आणि डायरेक्टर म्हणतोय, "वा! काय प्रेत आहे!" माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही.

आता तुझ्या स्क्रिप्टकडे येऊ. बाईला गिळता येत नाही म्हणतेस, आणि पुढच्याच सीनला ती मैत्रिणीबरोबर कॉफी पीत खिदळतेय. कोर्टात तीन पानं न थांबता बोलते. दम लागत नाही? खोकला येत नाही? केस सदा विंचरलेले, कपडे इस्त्रीचे. अख्ख्या आजारपणात बेडपॅन एकदाही नाही! मरायला टेकलेली माणसं काय फक्त संवाद म्हणतात? आणि ते शेवटी खिडकीतून येणारं पांढरं कबूतर. बाई गं, कबूतर घरात आलं की काय करतं ते बघायला आमच्या गॅलरीत ये, येताना फडकं घेऊन ये.

असो. काम करते. घरी बसून मला मुंग्या आल्यात.

पण एक अट आहे. तुझ्या मुख्याध्यापिकेला जे कोर्टात जाऊन मागावं लागतं, ते मला आमच्या डॉक्टरांपुढे सांगून ठेवायचंय. मला काही झालं, परत येण्यासारखी मी उरले नाही, तर नळ्या, मशीन, काही नको. त्या वेळी मला बोलता येणार नाही, तर माझ्या वतीनं बोलणारं कुणीतरी लागतं. ते तू व्हायचं. तुझ्या आईला मी हे सांगितलं असतं, पण ती आधी गेली. पोटची पोर मला नाही. उरलीस तू.

नीट विचार करून हो म्हण. भीडेखातर म्हणू नकोस.

तुझी,
मावशी


२० जानेवारी

मावशी गं,

हो, हो, हो! विचार कसला करायचा? मी या विषयावर अख्खा सिनेमा लिहिलाय! आणि काय तुझी ती कामावरची निष्ठा! रोलमध्ये शिरायचं म्हणून खरोखर डॉक्टरांकडे जाऊन असं सांगून ठेवणारी नटी मी तरी ऐकली नाही. निर्मात्यांना सांगितलं तर त्यांचे पुन्हा डोळे भरून आले. म्हणाले, सही करतानाचा फोटो काढून ठेवा, पब्लिसिटीला कामाला येईल.

बेडपॅनचंही विचारलं. ते म्हणाले, लोक तिकीट काढून बेडपॅन बघायला येत नाहीत. कबूतर राहणार. आणि शेवट जरा गोड करता येईल का असं विचारत होते, पण मी ठणकावून सांगितलं, माझी बाई मरणार म्हणजे मरणार.

रविवारी येते. डॉक्टरांना घरीच बोलावून ठेव.

ढब्बू


२८ जानेवारी

ढब्बू,

रविवारी तू येऊन गेलीस. सही केलीस, फोटो काढलास, लेन्सची, लाइटची, नळवाल्यांची सगळी कहाणी ऐकवलीस. अख्खी दुपार. आमचे डॉक्टर दोनदा माझ्याकडे बघून भुवया उडवून गेले. तू निघालीस, जिन्यातसुद्धा बोलतच होतीस.

मी त्या दुपारी एक तरी वाक्य पुरं बोलले का गं? आठवून बघ. मी नुसती हूं हूं करत होते आणि माना डोलवत होते. तुला कळलं नाही. बरंच झालं म्हणा, मला तेच हवं होतं. पण डायरेक्टरला माणसं बघता येतात असं मी ऐकलं होतं.

माझी जीभ जड झालीय. म्हणून फोन नाही. फोनवर तुला वाटलं असतं, मावशी दुपारची घेते की काय. गळ्याच्या आणि जिभेच्या नसा वाळत चालल्यात. डॉक्टर म्हणतात आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार. म्हणजे सगळा तमाशा पुढच्या रांगेत बसून बघायचा. यावर औषध नाही. तेव्हा ही अट मी रोलमध्ये शिरण्यासाठी घातलेली नाही, शहाणे. रोलच माझ्यात शिरलाय.

मला मरायची हौस नाही हे आधी डोक्यात घाल. मला सकाळचा चहा हवा, पेपरातलं शब्दकोडं हवं, खालच्या न्हाव्याची भांडणं हवीत. जेवढं जगता येईल तेवढं मी चाटूनपुसून जगणार. मला भीती आहे ती त्याच्या पुढची. तुझ्या आजोबांचं झालं तेव्हा तू शाळेत होतीस, तुम्हा पोरांना आत सोडलं नव्हतं. नळ्या उपटू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. बाहेर आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो, "लढतायत हो ते, लढतायत." ज्या माणसानं जन्मात कुणाला अरे केलं नाही, तो शेवटच्या आठवड्यात नर्सला चावला. आणि आमच्यापैकी एकाच्याही तोंडून "पुरे" निघेना. मुलगा मुलीकडे बघतोय, मुलगी जावयाकडे बघतेय. वाईटपणा कुणी घ्यायचा?

तो वाईटपणा मी तुला घ्यायला सांगतेय. कळलं का आता काय सही केलीस ते?

फोटो फाडून टाक. नळवाल्यांना सांग, त्यांनी नळ विकावेत, मला विकू नये. आणि कोर्टाचं भाषण सगळ्यात आधी शूट कर. आवाज आहे तोवर.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

पत्र ऑफिसात उघडलं आणि तसंच हातात धरून बसले. आठवलं. तू खरंच काही बोलली नाहीस. मी किती मूर्ख आहे.

फोटो फाडला. फोनमधलाही काढून टाकला. सिनेमा थांबवायचा का? तू म्हण, आत्ता थांबवते.

थांबवायचा नसेल तर मी शेड्यूल फिरवलंय. कोर्ट आधी, घर नंतर, मरणाचा सीन सगळ्यात शेवटी. सेटवर तुला खुर्ची, पंखा, सूप, सगळं. भाषण तुकड्यातुकड्यानं घेऊ का? आणि एक विचारू? रागावू नकोस. तुझं हे जड झालेलं बोलणं आहे ना, ते आहे तसं पडद्यावर आलं तर फार खरं वाटेल.

मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. शप्पथ.

ढब्बू


८ फेब्रुवारी

ढब्बू,

शेवटी आलीस ना वळणावर! पहिल्या दोन ओळीत रडलीस आणि चौथ्या ओळीत माझी जीभ कॅमेऱ्यापुढे मांडलीस. रागावत नाही. आमच्या धंद्यात हे असंच. माझी आई गेली तेव्हा रडताना मीही एका डोळ्यानं आरशात बघून घेतलं होतं.

सिनेमा थांबवायचा नाही. भाषण तुकड्यात नको, एका दमात घेऊ. पाठ झालंय. त्यातली दीड पानं मी उडवलीत, तुला पत्ता लागणार नाही.

मावशी


१९ मार्च, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून

मावशी,

तू शुद्धीवर आलीस असं सिस्टर म्हणाल्या. मी आत आले तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. दुसऱ्यांदा आले तर डोळे मिटलेस. तुझ्या गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, तुला बोलता येत नाही, तरी मला शिव्या ऐकू आल्या. म्हणून हा कागद सिस्टरांच्या हाती पाठवतेय.

काय झालं ते सांगते, तुला कदाचित आठवत नसेल. तुझं भाषण झालं. एका दमात. कोर्टातले खोटे वकील खरे रडले. लाइटवाले वरून टाळ्या वाजवत होते. मी ओके म्हटलं. मग सवयीनं म्हटलं, "मावशी, अजून एक घेऊ, सेफ्टीसाठी." तू हातानं थांब म्हणालीस आणि पाणी मागितलंस. पाणी कुणी दिलं ते मला माहीत नाही. ते तुझ्या श्वासनळीत गेलं.

पुढे अॅम्ब्युलन्स. दारात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, नळी घालून मशीन लावावं लागेल, बहुतेक पेशंट मग त्याच्यावरून निघत नाहीत, काय करायचं? सगळे माझ्याकडे बघत होते. मला तुझं पत्र आठवत होतं, देवाशप्पथ आठवत होतं. पण मला वाटलं, हे तुझ्या आजाराचं थोडंच आहे, पाण्याच्या घोटाचं आहे. एक संधी तर द्यायला हवी. मी म्हटलं, करा.

आणि बघ, निघालीस ना मशीनवरून! डॉक्टरच म्हणतायत, चमत्कार आहे. तू जिवंत आहेस, मावशी. यात मी इतकं काय वाईट केलं?

ढब्बू


२ एप्रिल

ढब्बू,

घरी आले. गळ्याला भोक आहे, त्यात चांदीच्या बांगडीसारखं काहीतरी बसवलंय. आवाज गेला. जो उरला होता तोही. पोटाला एक नळी आहे, तिच्यातून सूप जातं, चव लागायच्या आधीच पोटात. चहासुद्धा असाच. कप न धरता चहा पिण्यात काय गंमत आहे ते मला कळायचंय. पण लिहिता येतं, तेव्हा घे.

मला सगळं आठवतं. माझा शॉट ओके झाला होता. तू ओके म्हणालीस, मी कानांनी ऐकलं. आणि मग अजून एक मागितलास. हॉस्पिटलच्या दारातही तू तेच केलंस. तुझ्या मावशीनं डॉक्टरांपुढे, शुद्धीत, साक्षीनं सांगितलं होतं, ओके. आणि तू म्हणालीस, अजून एक घेऊ, सेफ्टीसाठी! अगं, कुणाच्या सेफ्टीसाठी? नळी कुणाच्या गळ्यात गेली?

"पाण्याच्या घोटाचं होतं" म्हणतेस. मला पाणी गिळता येत नव्हतं, हाच आजार आहे, बाई. वकील झाली असतीस तर नाव काढलं असतंस.

मशीनवर माझे हात बांधले होते. मऊ पट्टे होते म्हणे. आजोबांचे सुती होते. काळ बदलला, प्रगती झाली. मी छताकडे बघत पडून होते. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. रात्र कुठली, दिवस कुठला, काही कळत नव्हतं. माझ्यावर ओणवा होऊन जो तो मोठ्यानं बोलायचा, मी बहिरी असल्यासारखा. तूही बोलायचीस, "लढतेयस तू मावशी, लढ." तेव्हा मी चावले असते, पण तोंडात नळी होती.

एकच विचारायचंय, खरं सांग. मरणाचा सीन शूट व्हायचा बाकी होता ना?

मावशी


१४ जुलै

मावशी,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला इतके महिने लागले. पत्रं लिहिली आणि फाडली. आता लिहिते.

हो. बाकी होता. अॅम्ब्युलन्समागून निर्मात्यांची गाडी आली होती. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या तेव्हा ते माझ्या खांद्याशी उभे होते. कानात म्हणाले, "त्यांना मरू देऊ नका हो, मरायचा सीन अजून घ्यायचाय." त्यांना स्वतःलाही ते ऐकून कसंतरी झालं असणार, पण ते म्हणाले. आणि मावशी, माझ्याही मनात तो सीन होता. पण तेवढंच नव्हतं गं. तुझे ओठ निळे पडले होते. मला आई दिसली. मी लहान मुलीसारखी घाबरले. सिनेमा किती आणि घाबरणं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. खूप प्रयत्न केला.

सिनेमा पुढच्या आठवड्यात लागतोय. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. मरणाचा सीन तू करू शकत नव्हतीस, तेव्हा निर्मात्यांनी शेवट बदलायला लावला. कोर्ट निकाल देतं, बाई जिंकते, निकाल हातात घेते आणि फाडून टाकते. म्हणते, मला जगायचंय. मग पाठमोरी डोंगरावर चढत जाते. ती तू नाहीस, तुझ्या उंचीची दुसरी बाई आहे. आणि तुझं भाषण अस्पष्ट आहे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून डब केलं. एक तरुण मुलगी तुझी अगदी हुबेहूब नक्कल करते.

मी भांडले. मग भांडणं सोडलं. पहिलाच सिनेमा होता.

तू मला पुन्हा पत्र लिहिशील असं वाटत नाही.

ढब्बू


५ ऑगस्ट

ढब्बू,

सिनेमा बघून आले. न्हाव्यानं आणि त्याच्या बायकोनं मला खुर्चीसकट नेलं. गळ्याला स्कार्फ बांधला होता, तरी डोअरकीपर खोकल्याच्या आवाजाला दचकला.

आधी नळांची जाहिरात झाली. "थेंबन् थेंब वाचवा, जीवन वाचवा." मग तुझं नाव. मग मी. तोंड माझं, आवाज गोडगोड पोरीचा. तिनं बाकी सगळी नक्कल केली, फक्त मला काय म्हणायचं होतं तेवढं राहून गेलं. मला गिळता येत नव्हतं तिथे ती हुंदके देते! आणि मग ते डोंगर चढणं. ज्या बाईला तासाभरापूर्वी मान धरवत नव्हती, ती शेळीसारखी टणाटणा वर. शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवत बायकोला म्हणाले, "बघ, जिद्द पाहिजे." मला त्यांना सांगायचं होतं, पण घशातून नुसती शिट्टी आली. त्यांना वाटलं, मी सिनेमाला शिट्टी मारली. खूश झाले.

कबूतर मात्र बरं होतं. सगळ्यात नैसर्गिक काम त्याचं.

आता कामाचं बोलू. तू खरं सांगितलंस. उशिरा सांगितलंस, पण लपवालपवी केली नाहीस. "वेगळं काढता येत नाही" हे तुझ्या अख्ख्या सिनेमातलं मला आवडलेलं एकमेव वाक्य, आणि ते सिनेमात नाही. तुझ्यावर मी रागावले आहे. तो राग जाईल असं आश्वासन देत नाही, माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

छाती भरायला लागलीय. दम जिना न चढताच लागतो. डॉक्टर म्हणतात, आता पहिला मोठा ताप येईल तेव्हा पुन्हा तोच प्रश्न येईल. मी दुसरं कुणी नेमू शकते. न्हावी तयार आहे. तो म्हणाला, "ताई, मी एका झटक्यात नाही म्हणेन." तो म्हणेल. त्याचं काय जातंय?

पण मला तूच हवीस. ये, आणि राहायला ये. कॅमेरा आणू नकोस.

मावशी


११ सप्टेंबर, तुझ्याच स्वयंपाकघरातून

मावशी,

तू आत झोपलीयस, मी इथे बसून लिहितेय. समोर बसून बोलायला गेले की तू पाटीवर काहीतरी खवचट लिहितेस, मी हसते, मग रडते आणि मुद्दा राहतो.

ताप उतरत नाही. डॉक्टर सकाळी येतील आणि विचारतील. मी रोज आंघोळ करताना 'नको' म्हणायची प्रॅक्टिस करते. पाण्याच्या आवाजात येतं. तुझ्या उशाशी आले की येत नाही. मला तू हवी आहेस. बाकी तत्त्वबित्त्व काही नाही, मला नुसती तू हवी आहेस, तिथे पलंगावर, पाटीवर मला ढब्बू लिहीत. मी सकाळी काय बोलेन याची मला खात्री नाही. पुन्हा फसवण्यापेक्षा आधीच सांगते. न्हाव्याला बोलावू का?

ढब्बू


त्याच कागदाच्या मागे

न्हाव्याला झोपू दे.

वेडे, तुझी जीभ अडखळते म्हणूनच तुला धरलंय. दगडाला नेमलं असतं तर दगडही नको म्हणाला असता. मला परक्या माणसाच्या झटक्यात जायचं नाही. जिच्या पोटात तुटतंय तिनं सोडावं. मी आजोबांना सोडलं नाही. माझ्याही पोटात तुटत होतं, पण मी ते माझ्यापुरतं वाचवलं आणि त्यांना पट्ट्यात ठेवलं.

मलाही भीती वाटते. हे पाटीवर लिहिलं नाही, कारण पाटी सगळे वाचतात. रात्री दम कोंडला की मला माझी आई हवी असते, या वयात! पण भीती वाटते म्हणून माझं मत बदललेलं नाही.

सकाळी भाषण करू नकोस. तीन पानं नको. एवढंसं बोल आणि आत ये.

मावशी


१२ सप्टेंबर, दाराबाहेरून

मावशी,

डॉक्टर बाहेरच्या खोलीत आहेत. त्यांनी विचारलं, हॉस्पिटलला फोन करायचा का? मी म्हटलं, नको. ते म्हणाले, मशीन लावलं तर अजून काही आठवडे मिळतील. मी म्हटलं, नको. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुमची खात्री आहे ना? मी म्हटलं, माझी अजिबात नाही. खात्री तिची आहे.

ते दम शांत करायचं औषध तुझ्यासाठी घरी येणाऱ्या सिस्टरांना समजावून देतायत. घाबरं होणार नाही, झोप लागेल, म्हणाले. रोज येणार आहेत. कुठेही न्यायचं नाही. पट्टे नाहीत.

हा कागद सिस्टरांबरोबर आत पाठवते. मी लगेच येत नाही, माझा चेहरा तुला दाखवण्यासारखा राहिलेला नाही.

ढब्बू


पाटीवर

ऐकलं सगळं. दार उघडंच होतं.

आवाज कापला तुझा, पण शब्द नीट आले.

चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? नाक पूस आणि माझ्याजवळ येऊन बस.